पट्टी कोणी बघायची, दर कोणी बदलायचा: पेढीच्या ॲपला लॉगिन लावताना

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एखाद्या अडत पेढीचं वेब ॲप धरा. हळदीची आवक, तोल, सौदा, शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या मालाचा हिशेब), खरेदीदाराची उधारी, सगळं त्यात. दुकानातल्या एकाच संगणकावर होतं तोवर पासवर्डाशिवाय चाललं. आता मालकाला ते मोबाइलवर हवंय आणि शेतकऱ्याला पट्टी घरबसल्या बघायचीय.

यातलं लॉगिनचं पान हे सगळ्यात हलकं काम. जँगो (पायथॉन भाषेतलं), लारावेल (पीएचपीतलं) या वेब ॲप बांधायच्या तयार सांगाड्यांत ते जवळजवळ तयारच मिळतं, स्वतः लिहायच्या फंदात पडू नये. जँगोत फक्त एक पथ्य: स्वतःचं युजर मॉडेल (खातेदाराच्या माहितीचा साचा) पहिल्या मायग्रेशनच्या, म्हणजे डेटाबेसची टेबलं बनवण्याच्या, आधी ठरवा. डेटा भरल्यावर ते बदलायचं म्हणजे प्रत्येक फॉरेन की (दोन टेबलांना जोडणारा दुवा) हातानं उसवायची. लारावेलमध्ये लॉगिन स्वतः हाताळत असाल तर यशस्वी लॉगिननंतर सेशनचा (लॉगिन ते लॉगआउट या भेटीचा) आयडी नवा करायला विसरू नका. जँगो ते आपणहून करतं.

पासवर्ड आर्गॉन२-आयडी या पद्धतीनं हॅश करा, म्हणजे उलटा वाचता न येणारा ठसा तेवढा साठवा. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प संस्थेनं सुचवलेलं किमान प्रमाण १९ एमबी मेमरी आणि २ फेऱ्या. बीक्रिप्ट ही जुनी हॅश पद्धत वापरत असाल तर मराठी माणसाला नडणारी एक गोष्ट आहे. ते ७२ बाइटच बघतं, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना, मात्रा, हलंत हेही वेगळे मोजले जातात. म्हणजे २४ चिन्हांत मर्यादा संपली! त्यापुढचा पासवर्ड कित्येक लायब्ररी गुपचूप तोडतात.

देवनागरीचा दुसरा घोळ युजरनेममध्ये होतो. ‘कऱ्हाड’ घ्या. कोणता कीबोर्ड ‘ऱ’ हे एक चिन्ह पाठवतो, कोणता र आणि नुक्ता अशी दोन, तर कोणी र, हलंत आणि न दिसणारा जोडक टाकून तेच दाखवतो. पडद्यावर तिन्ही सारखे, डेटाबेसमध्ये तीन वेगळे. एनएफसी सामान्यीकरणानं (एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या रीती एका साच्यात आणणं) पहिले दोन एक होतात, तिसरा तसाच राहतो. म्हणून लॉगिनला नाव घेऊच नये, मोबाइल नंबर घ्यावा. त्यातलं +९१, सुरुवातीचं शून्य आणि मधल्या जागा काढून दहाच आकडे साठवा. टाइप केलेले देवनागरी आकडे आधी इंग्रजी आकड्यांत बदला. पायथॉनची ‘हा आकडा आहे का’ ही तपासणी त्यांना बिनदिक्कत होय म्हणते, पण तुलना अक्षराला अक्षर होते आणि बरोबर ओटीपीसुद्धा चूक ठरतो. वडील आणि दोन भाऊ एकाच नंबरवर असणं आपल्याकडे नेहमीचं, तेव्हा एका लॉगिनला अनेक खाती जोडता यायला हवीत. नंबरवर युनिकची अट घालायची ती लॉगिनच्या टेबलात, शेतकऱ्यांच्या टेबलात नको.

ओटीपी सहा आकडी, पाच मिनिटांचा, पाच चुकांनंतर बाद. एसएमएसचा मजकूर डीएलटीवर (दूरसंचार कंपन्यांची एसएमएस-नोंदणी व्यवस्था) नोंदवलेल्या साच्याशी जुळला नाही तर तो पोचतच नाही. चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा नुसत्या आयपीवर (इंटरनेटवरच्या पत्त्यावर) लावू नका. मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच आयपीमागे ठेवतात. एकानं पासवर्ड विसरावा आणि सगळ्यांना दार बंद व्हावं, असं होतं. मोजणी खात्यावर ठेवा, आयपीची मर्यादा सैल ठेवा.

आता खरं काम. भूमिकांवर आधारलेल्या परवानग्यांची कल्पना १९९२ साली फेरायोलो आणि कुन यांनी मांडली, पण अडत पेढीला ती नवी नाही. जो तोलतो तो दर लिहीत नाही, हा त्याच जातीचा नियम. म्हणून आधी हुद्द्यांची यादी करू नका, कामांची करा: तोल नोंदवणे, दर लिहिणे, पट्टी छापणे, छापलेली पट्टी दुरुस्त करणे, उधारी बघणे. या झाल्या परवानग्या. त्यांचे गठ्ठे बांधले की तोलार, दिवाणजी, मालक या भूमिका झाल्या. कोडमध्ये ‘हा दिवाणजी आहे का’ असं कुठेच विचारू नये. ‘याला पट्टी दुरुस्त करता येते का’ एवढंच विचारावं. ऐन हंगामात तोलार रजेवर गेला की त्याचं काम दिवाणजीकडे येतं. तेव्हा टेबलात एक ओळ वाढवायची, शेवटची तारीख घालून. तारीख नसलेली बदली परवानगी पुढच्या हंगामापर्यंत कुणालाही आठवत नाही.

भूमिका बरोबर असूनही पट्ट्या फुटतात त्या वेगळ्याच जागी. शेतकऱ्याला ‘पट्टी बघणे’ ही परवानगी आहे. त्याच्या पट्टीच्या पानाच्या वेब पत्त्यात शेवटी ४१७ आहे, त्यानं ४१८ केलं. परवानगी आहेच, सर्व्हरनं शेजाऱ्याची पट्टी दाखवली. ओवास्पच्या वेब ॲपमधल्या मोठ्या धोक्यांच्या २०२१च्या यादीत तुटकी प्रवेशबंदी पहिल्या क्रमांकावर आहे, आणि हा तिचा सगळ्यात साधा नमुना. आधी पट्टी शोधून मग मालकी तपासण्यापेक्षा शोधच ‘या शेतकऱ्याच्या पट्ट्यांतून’ करा. सापडली नाही तर ४०४ (‘सापडलं नाही’) द्या. ४०३ (‘परवानगी नाही’) दिलं की तशी पट्टी आहे हे कळतं. एकाच ॲपवर दोन-तीन पेढ्या असतील तर पेढीचा आयडी प्रत्येक क्वेरीत. बटण लपवणं ही निव्वळ सजावट आहे. विसरल्या जाणाऱ्या जागा म्हणजे एक्सेल उतरवण्याची लिंक आणि तयार पीडीएफचा फोल्डर. त्यातल्या फाइली एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ॲपला न विचारता थेट पाठवत असेल तर लॉगिनला कोणी विचारतच नाही.

नवीन पान बंदच जन्माला यावं. जँगो ५.१ पासून सगळ्या पानांना लॉगिन सक्तीचं करणारं मिडलवेअर (प्रत्येक विनंती आधी ज्यातून जाते तो थर) आलंय. उघडी ठेवायची पानं तेवढी सांगायची. मग प्रत्येक भूमिका आणि प्रत्येक पत्ता यांचा तक्ता करून आपोआप चालणारी चाचणी लिहा. कंटाळवाणं आहे, पण बऱ्याच चुका इथेच सापडतात.

काउंटरवरचा संगणक सगळ्यांचा. जँगोचं सेशन मुळात दोन आठवडे टिकतं, तिथं ते अर्धा तास वापर नसला की संपवा. शेतकऱ्याच्या फोनवर महिनाभर राहू दे. काउंटरला माणूस बदलायला चार आकडी पिन द्या, नाहीतर सगळे एकाच लॉगिनवर बसतात आणि क्विंटलला १४,५०० चे १५,४०० कोणी केले हे नोंदवहीवरून कळत नाही. काम सोडलेल्याचं खातं पुसू नका, निष्क्रिय करा; जुन्या नोंदींना नाव लागतं. जँगोच्या सेशनमध्ये तो पुढच्याच क्लिकला बाहेर पडतो. जेडब्ल्यूटी (सर्व्हरवर न साठवता तपासता येणारं सही केलेलं टोकन) वापरलं असेल तर टोकनची मुदत संपेपर्यंत आतच असतो, म्हणून मुदत पंधरा मिनिटांच्या वर नको.

आणि शेवटच्या मालकाची भूमिका काढायची सोय ॲपमध्ये असूच नये. मालकाची दोन खाती ठेवा, दुसऱ्याचा पासवर्ड पाकिटात घालून तिजोरीत.