रॉक-रॉकेट कार्डं : टकळी चुकली, पण वाया नाही गेली

रॉक आणि रॉकेट यांचं काही नातं आहे का ते शोधायला मी दगडांच्या आणि रॉकेटच्या शब्दांची मुळं कार्डांवर लिहितोय. मागच्या वेळी मी छाती ठोकून लिहिलं होतं की रॉकला एट लागला की रॉकेट, म्हणजे छोटा खडक. ते मागे घेतोय. एट हा छोटेपणाचा प्रत्यय आहे हे बरोबरच होतं, पण छोटं काय ते साफ चुकलं.

झालं असं की इटालियनमधे रोक्का असे दोन शब्द आहेत, स्पेलिंग सेम टू सेम, फरक एवढाच की एकात ओ उघडा आणि दुसऱ्यात मिटलेला. उघडा तो खडकावरचा किल्ला, हा आपल्या रॉकच्या घरातला. मिटलेला तो सूत कातण्याच्या सामानातला, लोकर नाहीतर जवसाचे धागे कातायच्या आधी ज्या काठीला गुंडाळून ठेवायचे ती काठी. हिचं छोटं रूप रोक्केत्ता, आणि फटाक्याच्या दारूची लांबट नळी तशी दिसते म्हणून तिलाही तेच नाव पडलं. मी स्पेलिंग बघितलं, उच्चार बघितलाच नाही आणि सरळ किल्ल्यावर चढलो.

बरं, चूक सुधारताना परत एक चूक. नव्या कार्डावर मी "रॉकेट = टकळी" लिहून मोकळा झालो. पण टकळी फिरते, तिच्यावर कातलेलं सूत गुंडाळतात, आणि ही काठी गप्प उभी असते, तिच्यावर कच्चा माल. त्यामुळे टकळी खोडली, कार्ड पार घाण झालंय.

आता खरी मजा. दोन दिवसांनी फ्यूजचं कार्ड काढलं, म्हणजे फटाक्याच्या बत्तीवाला फ्यूज (विजेचा नव्हे). तर हा इटालियन फुझोवरून, लॅटिन फुसुस, अर्थ काय तर चक्क टकळी! बत्तीची नळी टकळीसारखी लांब आणि बारीक असायची म्हणून. म्हणजे रॉकेट पेटवताना आपण टकळीला काडी लावतो आणि उडते ती शेजारची काठी. विमानाच्या धडाला फ्यूजलाज म्हणतात तेही फ्रेंचमधल्या टकळीच्या आकारावरूनच. अख्खं अवकाशयुग कातणाऱ्या बायकांच्या सामानातून उचललंय की काय असं वाटायला लागलंय मला.

बाकी रॉकचे जुळे भाऊ झटपट उरकतो. रॉक म्युझिकमधला रॉक म्हणजे डुलणं, हा जुन्या इंग्रजीतला वेगळाच शब्द, दगडाशी संबंध नाही. सॅलडमधलं रॉकेट लॅटिन एरुकावरून आलेलं, आणि एरुका म्हणजे सुरवंटसुद्धा, त्यामुळे ते कार्ड जेवणाआधी वाचू नका.

दगडांच्या गठ्ठ्यात ग्रॅनाइट सोपा, ग्रानो म्हणजे दाणा, म्हणून दाणेदार. शिस्ट ग्रीकमधल्या चिरण्यावरून, कारण तो पापुद्र्या-पापुद्र्यांनी फुटतो, आणि स्किझोफ्रेनियातला स्किझो त्याच धातूतला. ट्रॅप, म्हणजे डेक्कन ट्रॅपवाला, आपला सह्याद्रीचा काळा कातळ, सापळा नव्हे, स्वीडिशमधे जिना म्हणजे त्राप्पा, डोंगराच्या पायऱ्या आठवा. माझा लाडका मात्र लाव्हा. नेपल्सच्या बोलीत जोराच्या पावसानंतर रस्त्यावरून धो धो वाहणाऱ्या लोंढ्याला हा शब्द वापरायचे, पुढे व्हेसुव्हियसचा लोंढा आला त्यालाही तोच.

ऑर्बिटवर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. लॅटिन ऑर्बिटा म्हणजे गाडीच्या चाकाने मातीत पडलेली खाच, आणि याला आपल्याकडे तयार शब्द आहे, चाकोरी! कक्षा शब्द छानच आहे, तक्रार नाही, पण उपग्रह चाकोरीतून फिरतोय असं एकदा म्हणून बघा. मिसाइल मात्र आपल्यासारखंच, लॅटिनमधे फेकायची वस्तू, आपल्याकडे क्षेपण म्हणजे फेकणं आणि त्याला अस्त्र.

आता मूळ प्रश्न, रॉक आणि रॉकेट यांचं नातं आहे का? इंग्रजीत नाही, ते वर झालंच. पण इग्नियस रॉक आणि इग्निशन ही दोन्ही लॅटिन इग्निसची पोरं, आणि इग्निस हा आपल्या अग्नीचा सख्खा भाऊ. मराठीत तर लपवाछपवीच नाही, अग्निजन्य खडक आणि अग्निबाण. जे नातं मी इंग्रजी स्पेलिंगात शोधत बसलो होतो ते मराठीत पहिल्या दोन अक्षरांत उघडं पडलेलं.

शिवाय रॉकेल! हे रॉक ऑइलच की. इंग्रजीवाले पुढे केरोसीन म्हणायला लागले, ग्रीक केरोस म्हणजे मेण त्यावरून, आपण जुनंच धरून बसलो. आणि सॅटर्न 5 या चांद्रमोहिमांच्या रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात जे आरपी-1 इंधन होतं ते खूप शुद्ध केलेलं केरोसीनच, सोबत द्रव ऑक्सिजन. म्हणजे चंद्रावर निघालेल्या रॉकेटच्या बुडाशी रॉकेल, नावातला रॉक अजून शाबूत.

सध्या एकूण 47 कार्डं झालीत, पांढरी दगडांची, लाल रॉकेटची. अग्नी कुठल्या गठ्ठ्यात घालायचा ते ठरेना म्हणून त्याला दोन्ही रंगांच्या मधे उभा ठेवलाय. टकळीचं खोडलेलं कार्ड फेकलं नाही, फ्यूजच्या मागे चिकटवलं.