तुम्ही विचारलंत म्हणून: कुत्रा झालेला मुलगा बोलत का नाही?

"मुलगा कुत्रा होतो आणि कुत्रा मुलगा, इथवर सगळं आम्ही मुकाट्यानं मान्य केलं. मग त्या मुलाला दोन शब्द बोलू दिले तर तुमचं काय बिघडतं?" नाशकात मी जिथे ही गोष्ट सांगते तिथे हा प्रश्न येतोच. मुलं सरळ विचारतात, "मावशी, तो बोलत का नाही?" पालक जरा आडवळणानं येतात. "ताई, आमची रडवेली होते हो. आईला एकदा हाक मारू द्या ना त्याला." इतक्यांदा विचारलंत म्हणून आज नीट उत्तर देते.

ज्यांनी ऐकली नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. जुन्या नाशकातल्या एका वाड्यात एक मुलगा राहतो (त्याचं नाव समोर बसलेली मुलंच ठरवतात, आणि ते हमखास वर्गातल्या सगळ्यात खोडकर मुलाचं निघतं) आणि मोत्या नावाचा एक गावठी कुत्रा. एका सकाळी दोघं उठतात ते एकमेकांच्या अंगात. जादू कशी झाली ते मी सांगत नाही. साधूचा शाप, कुंडातलं पाणी असलं काही घातलं की मुलं साधूच्याच मागे लागतात आणि मोत्या राहतो बाजूला.

आता बोलण्याचं. कुत्रा झालेला मुलगा बोलू लागला तर पहिल्याच मिनिटाला तो म्हणणार, "आई, मी आहे गं." आई किंचाळणार, वाडा गोळा होणार, मग डॉक्टर, मग टीव्हीवाले. गोष्ट तिथेच संपली. शिवाय असा बोलणारा कुत्रा म्हणजे गॅदरिंगला शेपूट लावून स्टेजवर आलेला मुलगाच. मला तो खराच कुत्रा झालेला हवा असतो, आणि कुत्र्याचा घसा आणि जीभ मराठी बोलण्याच्या कामाची नाहीत.

ऐकण्याचं मात्र वेगळं आहे. कुत्र्याला शब्द कळतात. बुडापेस्टमधल्या संशोधकांनी कुत्र्यांना शिकवून, मशीनमध्ये स्थिर झोपवून त्यांच्या मेंदूची चित्रं काढली. २०१६ साली त्यांनी सांगितलं की कुत्रा शब्द आणि बोलण्याचा सूर वेगवेगळा तपासतो. ओळखीचा कौतुकाचा शब्द कौतुकाच्याच सुरात आला तर तो खरा खूश होतो. तेव्हा मोत्यालाही "ये", "बस", "नको" आणि स्वतःचं नाव एवढं येतं असं मी धरते. यातून माझी आवडती गंमत निघते. ज्याला सगळी मराठी येते त्याच्याशी घरातले दिवसभर चार शब्द बोलतात, आणि ज्याला चारच शब्द येतात त्याच्या कानावर शाळेत, क्लासमध्ये, जेवताना अख्खी मराठी ओततात. बाई म्हणतात "बस", मोत्या बसतो. बाई म्हणतात "बसून काय राहिलास, उत्तर दे", त्यातलं त्याला फक्त "बस" ऐकू येतं. तो आणखी नीट बसतो.

चेंडूचा प्रसंग मी सगळ्यात जास्त वेळ सांगते. अदलाबदलीच्या आधी हा मुलगा मैदानावरच्या हिरवळीत लाल चेंडू फेकायचा आणि मोत्या त्याच्या शेजारून दोनदा पळत जायचा. "मठ्ठ आहे साला," असं म्हणून मुलगा हसायचा. कुत्र्याच्या डोळ्यांना निळा आणि पिवळा चांगला दिसतो. लाल आणि हिरवा यांत त्याला फारसा फरक करता येत नाही. हिरवळीतला लाल चेंडू त्याच्यासाठी मळकट गवतातली मळकट वस्तू. आता मुलगा स्वतः कुत्रा झालाय, चेंडू समोर पडलाय आणि त्याला दिसत नाहीये. इथे मी थांबते. मुलं ओरडतात, "नाकानं शोध, नाकानं!" ती स्वतःच शोधून काढतात हे. आणि तिकडे मुलाच्या अंगातला मोत्या पहिल्यांदा लाल रंग बघतोय. त्याला चेंडूचं काही सुचतच नाही. तो आईच्या कपाळावरच्या कुंकवाकडे टक लावून बघत बसतो, आई म्हणते, "काय रे, बरं नाही का वाटत?"

नाकाचा प्रसंग गोदाघाटावर, बुधवारच्या बाजारात घडतो. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाखांच्या आसपास. कुत्र्याच्या नाकात त्या १० कोटींच्या पुढे, काही जातींत ३० कोटींपर्यंत. आकडा मी मुलांना सांगत नाही, बाजार सांगते. मेथीची जुडी कुणी कुणी हाताळली, गोणपाटावर काल काय होतं, ओल्या पायरीवर सकाळी कुठली गाय उभी होती, हे सगळं त्या मुलाच्या नाकात एकदम शिरतं. गर्दीत त्याला दिसतात फक्त पाय, पण आपली आई कुठल्या टोपलीपाशी उभी आहे हे तो डोळे मिटून सांगेल. सांगेल म्हणजे, सांगू शकला असता तर. (दिवाळीतल्या फटाक्यांचा प्रसंग मी घालत नाही. तो सगळ्यांना सुचतो.)

मग द्राक्षं. नाशकातली गोष्ट, त्यात द्राक्षं नसली तर मुलंच मला घरी पाठवतील. फाल्गुनात निफाडच्या मामाकडून पेटी येते. मुलगा द्राक्षांचा वेडा. सवयीनं तो पेटीकडे झेपावतो आणि आई जोरात हाकलते, "हट् मोत्या!" पाठीवर एक चापटही बसते. कारण द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषासारखे असतात. एखाद्या कुत्र्याला काही होत नाही, तर एखाद्याचं मूत्रपिंड थोड्याशा द्राक्षांनी निकामी होतं, आणि आपला कुत्रा यांतला कुठला हे आधी कळायला मार्ग नसतो. आईला हे ठाऊक आहे. मुलाला ठाऊक नाही, त्याला फक्त चापट कळते. त्याला बोलता येत असतं तर त्यानं "का?" विचारलं असतं, आईनं कारण सांगितलं असतं आणि प्रसंग दोन वाक्यांत मिटला असता. कुत्र्याला घरात कितीतरी गोष्टींची कारणं कुणी सांगत नाही. त्याला डॉक्टरकडे नेतात तेव्हाही नाही, घर बदलतात तेव्हाही नाही. तो मुलगा पेटीपासून हातभर लांब, जमिनीला हनुवटी टेकून बसतो, आणि त्याच वेळी आई सोललेलं द्राक्ष मोत्याच्या तोंडात घालत असते. तुमची मुलं रडवेली होतात ती इथे. त्यासाठीच मी त्याला गप्प ठेवते.

पंचवटीतल्या एका कार्यक्रमात एका मुलीनं मला पेचात पकडलं. "मारीच हरीण झाला होता, तो तर बोलला!" पंचवटीत वाढलेल्या मुलीला हा दाखला सुचणारच. पण नीट आठवा. हरणाच्या रूपात तो सीतेसमोर चरत होता तोवर एक शब्द बोलला नाही. बाण लागला, हरणाचं रूप गेलं आणि तेव्हा कुठे त्यानं रामाच्या आवाजात हाक मारली. म्हणजे वाल्मीकी माझ्याच बाजूचे. मुलीला हे पटलं नाही. तिचं म्हणणं, त्याला बोलता येत होतं, तो मुद्दाम गप्प होता. यावर मी अजून विचार करतेय.

मोत्याचा भाग मात्र मला जास्त जड जातो. आपल्याकडच्या परकायाप्रवेशाच्या कथांत मच्छिंद्रनाथ राजाच्या मेलेल्या देहात शिरतात. देह रिकामा, कुणाला उठवावं लागत नाही. इथे दोन्ही देह भरलेले. मुलाची फजिती सगळ्यांना दिसते, पण मोत्याचं नाक गेलंय. वाडा तोच, माणसं तीच, आणि कशालाच वास नाही. त्याला जग पुसल्यासारखं वाटत असणार. शिवाय दिवसभर त्याला कुणी ना कुणी विचारतंय, "काय झालं? सांग ना." एवढं त्याला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं, आणि उत्तर देता येत नाही. म्हणून तो कुणाच्याही मांडीवर डोकं ठेवतो. आजोबांच्या ठेवलं तर ठीक, पीटीच्या सरांच्या ठेवलं तेव्हा घरी चिठ्ठी जाते.

काही जण विचारतात, मांजराची गोष्ट कधी? ती जुळवतेय. मांजराला गोड चव कळतच नाही; गोड ओळखणारं जनुक तिच्यात निकामी असतं, हे २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं. म्हणजे माझी नायिका पाडव्याच्या सकाळी मांजर होऊन उठणार, मांडी घालून श्रीखंडाच्या वाटीसमोर बसणार ती तिची मनी, आणि मला आधी ठरवायचंय की पहिला घास त्या दोघींपैकी कुणाच्या तोंडून सांगायचा.