पोटाशी घट्ट धरलेलं

आज सकाळी आमच्या प्राणी बचाव केंद्रात तीन बोटांच्या स्लॉथचं, म्हणजे झाडावर उलटं लटकून राहणाऱ्या संथ प्राण्याचं, पिल्लू आलं. आई विजेच्या तारेवरून जाताना शॉक लागून गेली. पिल्लू तिच्या पोटाला तसंच घट्ट धरून होतं. झाडं तुटली की फांद्यांवरची वाटही तुटते, मग ही जनावरं तारेवरूनच पलीकडे जायला बघतात. फार वाईट वाटतं.

स्लॉथला अंगातली ऊब आपल्यासारखी टिकवता येत नाही. गार पडलं तर पोटात गेलेलं पचतच नाही. म्हणून दुधाच्या आधी ऊब! टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली दिली, बिलगायला कापडी अस्वल दिलं. त्याने अस्वलाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या बाहीत तीन नखं रुतवून बसलं. मग सिरिंजने शेळीचं दूध, थेंब थेंब. घाई केली तर दूध फुप्फुसात जायची भीती, त्यामुळे नजर सतत त्याच्या गळ्यावर. आता गिळलं... आता गिळलं... पाऊण तास हेच.

त्याला माणसांचा लळा लावायचा नाही, पुढे जंगलात सोडायचंय. मला हे मनापासून पटतं. तरी ती नखं एकेक करून बाहीतून सोडवताना डोळे भरून आलेच.

आत्ता झोपलंय. एक पंजा अस्वलाच्या कानात अडकवून. पुढचं दूध अकराला.