आमची वाटचाल : उद्यमबागेतल्या भाड्याच्या खोलीतून

२०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांची हातानं लिहायची चलनबुकं एकदम तोकडी पडली. त्या धांदलीत आम्ही दोघा भावांनी जॉबवर्कच्या, म्हणजे दुसऱ्याकडून करून घ्यायच्या कामाच्या मालाबरोबर जाणाऱ्या चलनांचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. आमच्याकडचा माल कोल्हापूर-बेळगाव असा सारखा ये-जा करतो आणि मधे कोगनोळीला राज्याची हद्द. जॉबवर्करकडे परराज्यात माल पाठवताना किंमत कितीही कमी असो, ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन परवाना, लागतंच. त्यामुळे आमची स्क्रीन बंद पडली की टेम्पो गेटातच उभा.

पहिली काही वर्षं सगळं एकाच सर्व्हरवर होतं. नवी आवृत्ती दुसरी पाळी सुटल्यावर, सॉफ्टवेअर दहा मिनिटं बंद ठेवून टाकायचो. मग तीन पाळ्यांत चालणारी गिऱ्हाइकं आली आणि बंद ठेवायला रात्रच उरली नाही. म्हणून तीन मशिनांचा क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणारा गट घेतला, त्यावर प्रोग्रामच्या प्रती चालवणारं, सांभाळणारं कुबरनेटिस. चार-पाच माणसांच्या फर्मला एवढा पसारा कशाला, हे भावाचं म्हणणं मला आजही अर्धं पटतं.

पहिल्याच डिप्लॉयमेंटला, म्हणजे त्यावर नवी आवृत्ती टाकताना, तोंडघशी पडलो. आमचा प्रोग्राम सुरू झाला तरी आयटम मास्टर, म्हणजे मालाची सगळी यादी, मेमरीत घ्यायला त्याला चाळीसेक सेकंद लागतात. प्रोग्राम कामाला तयार आहे का हे बघणारी तपासणी, म्हणजे रेडिनेस प्रोब, मी लावलाच नव्हता. नवा पॉड, म्हणजे प्रोग्रामची नवी प्रत, चालू दिसल्याबरोबर क्लस्टरनं कामं त्याच्याकडे वळवली आणि जुने पॉड काढून टाकले. सगळ्या स्क्रीनवर ५०३, म्हणजे 'सेवा उपलब्ध नाही'. घाईघाईत मी लाइव्हनेस प्रोब लावला, म्हणजे उत्तर न देणारा पॉड मारून परत सुरू करणारी तपासणी, तीही दहा सेकंदांची. आता पॉड उभा राहण्याआधीच मारला जाऊ लागला. परत सुरू, परत बंद, आणि दर खेपेला क्लस्टर आधीपेक्षा जास्त वेळ थांबणार : १० सेकंद, २०, ४०, वाढत पाच मिनिटांपर्यंत. शेवटी 'रोलआउट अनडू' ही कमांड मारून जुनी आवृत्ती परत आणली.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला एका मशीनशॉपच्या मालकांकडे गेलो. झालेलं सगळं सांगितलं. लेथवरची बरी, म्हणजे धातूचा कीस, हातानं झटकत ते म्हणाले, "अहो, नवा ऑपरेटर गेटातून आत आला की जुन्याला घरी पाठवता होय तुम्ही? आधी त्याला एक जॉब काढू दे की."

रेडिनेस प्रोब याहून सोपा करून मला अजून कुणी सांगितलेला नाही. आता पॉडनं डेटाबेसमधून एक चलन वाचून दाखवल्याशिवाय त्याला काम मिळत नाही. सुरुवातीच्या चाळीस सेकंदांसाठी स्टार्टअप प्रोब वेगळा आहे; तो पास होईपर्यंत बाकीच्या तपासण्या थांबतात. 'मॅक्सअनअव्हेलेबल' ही सेटिंग शून्य, म्हणजे नवा तयार झाल्याशिवाय जुना हलत नाही.

हल्ली आवृत्ती भर पाळीत, सकाळी अकराला टाकतो. ते मालक मात्र अजून चहाच्या वेळेला फोन करतात. "आज काय टाकलाय काय? नाही म्हणजे, टेम्पो भरायला घेतलाय."