ईआरजीचा रिपोर्ट आणि ‘नॉर्मल’चा रकाना

रात्री जिना उतरताना पाय चाचपडायला लागला, तेव्हा रेटिनाच्या डॉक्टरांनी ईआरजी करून आणायला सांगितलं. डोळ्यावर फ्लॅश मारायचा आणि पडद्यात किती वीज उमटते ते मोजायचं. टेस्टबद्दल तक्रार नाही. बुबुळं मोठी करायचे थेंब, २० मिनिटं मिट्ट काळोख, मग मंद लाल उजेडात खालच्या पापणीत सोडलेला केसासारखा धागा, म्हणजे वीज टिपणारा इलेक्ट्रोड, आणि गालावर चिकटपट्टी. डोळा बधिर केलेला असतो, दुखत नाही.

वैताग दिला तो रिपोर्टने.

माझा आकडा, ‘नॉर्मल’ आणि शेरा असे तीन रकाने. काळोखातल्या मंद फ्लॅशनंतर पडद्यात विजेची जी लाट उठते, त्या बी-वेव्हच्या उंचीपुढे शेरा होता ‘कमी’ आणि ती यायला लागलेल्या वेळेपुढे ‘लांबलेली’. काउंटरवर विचारलं, हे नॉर्मल कुणाचं? “मशीनमध्ये असतं ते, काका.” कोणत्या वयाच्या माणसांचं? “सगळ्यांना तेच लागतं.” आत पाठवलं. आतल्या मॅडमनी कागदाकडे न बघताच सांगितलं, “वयाप्रमाणे होतंच ना काका हे.” अहो, वयाप्रमाणे होत असेल तर ‘कमी’ कशाला छापलंत? आणि आजार असेल तर वयावर कशाला ढकलता? दोन्ही उत्तरं एकाच खिडकीतून मिळत होती आणि मी फाईल धरून उभा.

वयाबरोबर ही लाट बुटकी होते आणि उशिरा येते, हे काही नवं ज्ञान नाही. थोडा दोष पिवळ्या पडलेल्या भिंगाचा आणि आक्रसलेल्या बाहुलीचा असतो. पण माझा मोतीबिंदू कधीच निघालाय आणि बाहुली थेंबांनी मोठी केलेली. म्हणजे राहिला पडदाच. मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी पडद्याच्या मध्याभोवती उतारवयापर्यंत साधारण ३० टक्क्यांनी कमी होतात. लख्ख उजेडात काम करणाऱ्या अगदी मधल्या शंकूपेशी मात्र बऱ्यापैकी टिकतात. म्हणून पेपर वाचता येतो आणि जिना दिसत नाही. पंचविशीतल्या पोराची पट्टी मला लावली तर मी नापासच होणार. आयएससीईव्ही ही या तपासण्यांचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तीही वय धरूनच तुलना करायला सांगते.

शेवटी अर्ज लिहिला आणि पोच घेतली. मग कुणीतरी मशीन उघडून बघितलं. जन्मतारीख माझ्या फॉर्मवर होती, मशीनमध्ये भरलीच नव्हती! नवा कागद आला. आकडे तेच, शेरा ‘वयानुसार मर्यादेत, खालच्या टोकाला’. पैसे परत मागितले नाहीत, पण जुना कागद त्यांच्यासमोर टराटरा फाडला, ते बरं वाटलं.

डॉक्टर म्हणाले, दंडपेशींचा आजार दिसत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा करू. ती टेस्टही तिथेच करावी लागणार, कारण मशीन किंवा इलेक्ट्रोड बदलला की आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. जायचंय पुन्हा त्याच काउंटरवर!

हो, पडद्याचे फोटो काढायचे असतील तर ते टेस्टनंतर काढा. आधी काढले तर डोळा दिपतो आणि काळोखात बसणं नव्याने सुरू. आणि घरी सोडायला कुणीतरी न्या, थेंबांनी संध्याकाळपर्यंत सगळं धूसर दिसतं.