आमची वाटचाल : भिरंडं, मीठ आणि ऊन

आमच्या कोठीत सासूबाईंच्या तीन चिनी मातीच्या बरण्या आहेत, तपकिरी गळ्याच्या आणि पांढऱ्या पोटाच्या. २००४ साली मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंनी विकण्यासाठी पहिलं आगळ, म्हणजे भिरंडांचा (कोकमांचा) मीठ घातलेला रस, घातलं ते याच बरण्यांत. आज स्टीलच्या टाक्या आहेत, अन्नपरवाना आहे, हंगामात सात बायका कामाला येतात. तरीही दरवर्षीचा पहिला रस या बरण्यांतच जातो. जाऊबाईंचा तो हट्ट आहे, आणि आता माझाही.

गोव्यात सावईवेऱ्याच्या बाजूला आमचं कुळागर, म्हणजे बागायत. पोफळी, माड, मिरवेली, केळी आणि बांधाच्या कडेने तेव्हा भिरंडीची अकरा झाडं. त्यांतली चार नर, म्हणजे फळ यायचं सातांवरच. सुपारीचे पैसे व्हायचे, मिऱ्यांचे व्हायचे. भिरंडं मात्र घरापुरती ठेवून बाकीची झाडाखालीच कुजायची. एका मे महिन्यात जाऊबाई खाली पडलेला सडा बघत उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "गे, मुंग्या खातात त्याचे पैसे केले तर पोरांच्या वह्यापुस्तकांचं तरी भागेल." आमच्या उद्योगाची सुरुवात एवढ्या एका वाक्याची.

सोलं, म्हणजे भिरंडाच्या वाळवलेल्या साली, करणं बघायला सोपं. झेल्याने काढलेलं पिकलेलं फळ धुवायचं, पुसायचं, मधोमध कापून बिया-गर एकीकडे आणि साल एकीकडे करायची. गराला मीठ लावलं की रस सुटतो. तो रोवळीतून गाळायचा, साली त्यात बुडवायच्या आणि उन्हात घालायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा रस, पुन्हा ऊन. असं पाच वेळा. चौथ्या पुटाला साल जांभळट काळी होते, बोटाने दाबली तर चामड्यासारखी वाकते आणि मोडत नाही. मोडली तर ऊन जास्त लागलं, बोटाला चिकटली तर पाणी राहिलं, आणि पाणी राहिलेलं सोल श्रावणात बुरशी धरणार म्हणजे धरणारच. दहा किलो फळांचं सोल सव्वा ते दीड किलो भरतं. लोक भाव विचारतात आणि तोंड वाकडं करतात, म्हणून हा हिशेब मुद्दाम सांगते.

आदोळीचं, म्हणजे विळीचं, पातं लोखंडाचं. त्यावर भिरंड कापलं की रस काळपटतो, म्हणून आम्ही पहिल्यापासून स्टेनलेस स्टीलच्या छोट्या सुऱ्या वापरतो. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याला तर हात लावायचा नाही, भिरंडाचा आंबटपणा भांडं खातो. घरी सोलकढी करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. काच, चिनी माती किंवा स्टील, एवढंच. आगळाला आम्ही रसाच्या सहाव्या हिश्शाइतकं खडे मीठ घालतो आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ लाकडी डावाने ढवळतो. हळूच ढवळायचं, घुसळायचं नाही.

पहिल्या वर्षी चाळीस बाटल्या भरल्या. माशेलला एका दुकानात ठेवलेल्या बाटल्यांतली एक तिथल्या निवृत्त मास्तरांनी नेली. आठ दिवसांनी ते स्कूटरवरून थेट आमच्या अंगणात हजर झाले, पिशवीत सहा रिकाम्या काचेच्या बाटल्या. "बाय, दुकानातून नको, इथूनच घालून दे. आणि बाटल्या माझ्याच." तेव्हापासून दर मेमध्ये त्या सहा बाटल्या येत राहिल्या. त्यांना जेवण जड जायचं, पोट फुगायचं. रात्रीचं जेवण आठच्या आत आणि दुपारच्या भातावर वाटीभर फुटी कढी, म्हणजे नारळ न घालता केलेली सोलांची पातळ कढी, हिंग-जिऱ्याची, एवढा नेम त्यांनी धरला. त्यांना बरं वाटलं. ते कढीमुळे की लवकर जेवण्यामुळे, हे मी सांगणार नाही, कारण मी वैद्य नाही. मास्तर स्वतः मात्र सगळं श्रेय आमच्या आगळाला देतात.

२००७ मध्ये म्हापशाचा एक व्यापारी भेटला. शुक्रवारच्या बाजारात त्याची जागा होती. आमचं सोल तो पोत्याने उचलू लागला, पैसेही वेळेवर द्यायचा. पुरुमेंताच्या दिवसांत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायला बाजार भरतो तेव्हा, मिरच्या, मीठ, कांद्यांच्या माळा यांच्या रांगेत आमचं सोल दिसलं की जाऊबाईंचा चेहरा उजळायचा. कुठलं फळ कधी काढायचं, चांगलं सोल कसं ओळखायचं, हे सगळं आम्हीच त्याला शिकवलं. नऊ-दहा वर्षं नीट गेली.

२०१७ च्या पावसाळ्यात त्याने माल उचलणं बंद केलं. कारण विचारलं तर जीएसटीचं निमित्त सांगितलं. दिवाळीला कळलं की त्याने स्वतःचं "आगळ" काढलंय. लालभडक, आमच्या निम्म्या भावात. आमचे पाच हॉटेलवाले एका महिन्यात त्याच्याकडे गेले. मी एक बाटली विकत आणली, चाखली आणि जिभेला कळलं: लिंबूसत्व, मीठ, रंग, आणि भिरंडाचा नुसता वास.

पणजीच्या एका हॉटेलवाल्याकडे मी दोन्ही बाटल्या घेऊन गेले. त्याच्याच काउंटरवर दोन पेल्यांत पाणी घेतलं, एकात आमचं आगळ, दुसऱ्यात त्या व्यापाऱ्याचं. दोन्हींत चिमूट चिमूट खायचा सोडा टाकला. आमचा पेला फसफसला आणि आणखी एक चिमूट पडताच लाल जाऊन निळसर, मग हिरवट मळकट झाला. भिरंडाचा रंग फळाचा असतो, आंबटपणा मेला की तो पालटतो. दुसरा पेला फसफसून पुन्हा होता तसाच लालभडक. हॉटेलवाल्याने दोन्हीकडे नीट बघितलं. मग म्हणाला, "वहिनी, तुमचं खरं आहे. पण गिऱ्हाईक पेल्यात लाल बघतं. तुमचं दिवाळीनंतर तपकिरी पडतं." मी काही बोलले नाही. खरं आगळ काळाने तपकिरीकडे झुकतंच, तो त्याचा दोष नाही. बसमध्ये बसल्यावर डोळ्यांत पाणी आलं. ते पेले धुवायचं काम त्याने मुलाला सांगितलं तो आवाज मला अजून ऐकू येतो.

तेवढ्यावर थांबलं असतं तर विसरलेही असते. आमच्या लेबलावर तेव्हा "पित्तावर गुणकारी, अ‍ॅसिडिटी बरी होते" असं छापलेलं होतं. सगळेच छापायचे, म्हणून आम्हीही छापलं. कुणीतरी लेखी तक्रार केली. कुणी ते मला माहीत आहे. खाद्यपदार्थावर रोग बरा करण्याचा दावा लिहिता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. कायदा बरोबरच आहे, त्याबद्दल माझं गाऱ्हाणं नाही. छापून आणलेली चार हजार लेबलं वाया गेली, चार महिने माल अडकला. त्याच महिन्यांत त्या व्यापाऱ्याच्या बाटलीवर "पोटाच्या सर्व विकारांवर" असं ठळक अक्षरांत होतं आणि ती बिनदिक्कत विकली जात होती. आमच्या लेबलावर आता चार शब्द आहेत: भिरंड, मीठ, दुसरं काही नाही. मोजलेत तर पाच होतात, पण जाऊबाई "काही नाही" हा एकच शब्द धरतात.

आता या ओघात थोडं सांगते, कारण पोटासाठी सोलं कशी घ्यायची हे फोनवर रोज विचारतात. सोलं हे औषध नव्हे, जेवणाचा भाग आहे. चार-पाच सोलं धुऊन दोन तास पाण्यात टाका, कुस्करा, गाळा, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि आल्याचा ठेचलेला तुकडा घाला. ही झाली घरगुती तिवळ. उपाशीपोटी नको, जेवताना किंवा जेवणानंतर घ्या. सोलकढीला नारळाचं दूध घातल्यावर ती विस्तवावर ठेवायची नाही, फाटते. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी आगळ मोजून वापरावं, त्यात मीठ भरपूर असतं. आणि बाहेरगावचे लोक नेहमी घोटाळा करतात तो: त्रिफळा वेगळा, तिरफळ वेगळं. त्रिफळा म्हणजे हिरडा, बेहडा, आवळा. तिरफळ हा मसाला, तो आपण बांगड्याच्या हुमणात, म्हणजे कालवणात, टाकतो, त्याचं चूर्ण रात्री झोपताना घ्यायचं नसतं. एका बाईंनी पुण्याहून मागवून तसं घेतलं होतं, म्हणून लिहिते. पोट महिनोन् महिने बिघडत असेल, वजन उतरत असेल, शौचाला काळं होत असेल तर आमच्याकडे फोन करू नका, डॉक्टरकडे जा.

आणि पेज. आपल्या आज्या दहा-अकराला उकड्या तांदळाची पेज का प्यायच्या, हे मुलं विचारत नाहीत. पेज, मिठातल्या कैरीची फोड, थोडं भिरंडेल. इतकं हलकं आणि पोटाला धरणारं दुसरं काही मी खाल्लेलं नाही. भिरंडेल म्हणजे बियांचं तेल. बिया वाळवून कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर आलेलं तेल निवलं की मुठीत धरून गोळे करायचे. टाचांच्या भेगांनाही तेच. आमच्याकडे काही वाया जात नाही.

हॉटेलं गेल्यावर घरोघरची गिऱ्हाइकं धरून आम्ही तगलो. २०१९ मध्ये अडीच लाखांचं कर्ज काढून विजेवरचा ड्रायर घेतला, अवेळी पावसाची भीती संपावी म्हणून. मग आलं २०२१ चं मे. नऊ तारखेपासून राज्यभर संचारबंदी, दुकानं दुपारी एकपर्यंतच उघडी, पुरुमेंताचा बाजार नाही. पंधरा तारखेला कामाच्या बायकांनी सहाशे किलो भिरंडं कापून ठेवली होती, कारण वादळाच्या आधी झाडं रिकामी करायची होती. सोळा तारखेला, रविवारी, तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याला घासून गेलं. रात्रभर पोफळी मोडल्याचा आवाज येत होता, लाकडाचा नव्हे, बांबू फुटावा तसा. सकाळी बघितलं तर भिरंडीची दोन झाडं मुळासकट आडवी. वीज गेली ती पाच दिवस. ड्रायर म्हणजे नुसतं लोखंडी कपाट. ऊन नाही, फोन नाही, आणि ओटीवर पोत्यांवर पसरलेल्या सहाशे किलोंच्या साली, ज्यांना दुसऱ्याच दिवशी आंबूस वास सुटला.

जाऊबाई साली हातात घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "सोल होणार नाही. सगळ्याचं आगळ कर." पण आगळाला मीठ हवं, आणि घरात होतं वीस किलो. तेवढ्यात मंगळवारी सकाळी मास्तर आले. रस्त्यावरची झाडं तोडून वाट केली होती तेवढ्यातून, स्कूटर ढकलत. बाटल्यांची चौकशी करायला आले होते. ओटीवर बघितलं, बाटल्यांचं नावही काढलं नाही. "बाय, मीठ किती हवं?" एवढंच विचारलं आणि मागे फिरले. बारा वाजता पुढे एक आणि मागे एक, खडे मिठाची दोन पोती स्कूटरला बांधून परत आले. त्यांचं वय तेव्हा पंचाहत्तरच्या पुढे. उरलेलं मीठ शेजारच्या तीन घरांतून मागून आणलं. कंदिलाच्या उजेडात दोन रात्री आम्ही साली ठेचून मिठात घातल्या. सासूबाईंच्या बरण्या, पाण्याची स्टीलची पिंपं, लग्नाची पातेलीसुद्धा भरली. तरीही तिसरा हिस्सा कुजून टाकावा लागला. कर्जाचे हप्ते पुढची दोन वर्षं सुपारीच्या पैशांतून गेले.

त्या वर्षीचं आगळ साल कुटलेलं, म्हणून जास्त दाट होतं. गिऱ्हाइकांना तेच आवडलं. आता आम्ही दरवर्षी थोडं तसं मुद्दाम करतो.

जाऊबाईंचे गुडघे गेले. त्या खुर्चीत बसतात आणि प्रत्येक बरणीतलं आगळ चमच्याने चाखून हो किंवा नाही म्हणतात. म्हापशाच्या त्या व्यापाऱ्याचं दुकान अजून जोरात आहे. समोर आला तर तो हसतो. मी हसत नाही.

गेल्या वर्षी मास्तरांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. त्यांनी बाटल्या आणल्या नाहीत, नुसतेच आले आणि ओटीवर बसले. मला ते सहन होईना. मिठाशिवाय सोल सुकवायचं म्हणजे जोखीम, बुरशी डोळ्यांदेखत धरते. पण ड्रायर होता. या हंगामात रस न लावता, मीठ न घालता, पातळ चिरलेल्या साली मंद आचेवर दोन दिवस ठेवल्या. पहिला घाणा टाकून दिला. दुसरा टाकून दिला. तिसऱ्यातून दीड किलो निघालं. मास्तरांनी एक तुकडा तोंडात धरला, बराच वेळ चघळला. जाऊबाई खुर्चीतून त्यांच्याकडे बघत होत्या.

"आंबट तसंच आहे," ते म्हणाले. "अर्धा किलो बांधून दे, बाय. पैसे घेणार असशील तर."