जोर कुठी मुरून राह्यला? आमच्या सायकल दुकानाची वाटचाल

परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे चिखलदऱ्याला जाताना, घाट सुरू व्हायच्या जरा अलीकडे कडुनिंबाखाली आमचं दुकान आहे. बाबांनी ते सुरू केलं तेव्हा पाटी नव्हती. झाडाच्या फांदीला जुना टायर टांगलेला असायचा, तीच ओळख. अकोल्याहून सामान यायचं ते मूर्तिजापूरला उतरून शकुंतला रेल्वेगाडीनं अचलपूरपर्यंत. पंक्चर, छर्रे, चाकाचा आऊट काढणं म्हणजे डुलणारं चाक सरळ करणं, आणि गवळ्यांच्या दुधाच्या कॅनांनी वाकलेली मागची चाकं नीट करणं, एवढ्यावर आमचं घर चाललं. ब्रेक हे वेगळं काम आहे असं तेव्हा कुणी मानतच नव्हतं. ब्रेकचा रबरी गुटका झिजला की बदलायचा, वायर तुटली की नवी टाकायची, झालं.

2014च्या पावसाळ्यात अमरावतीचे एक शिक्षक रोड बाइक घेऊन दारात उभे राहिले. ते ब्रेव्हेची तयारी करत होते. ब्रेव्हे म्हणजे 200 किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे, कुणाशी शर्यत नाही, फक्त घड्याळाशी. सरावाला ते चिखलदरा चढून आले होते आणि उतरताना त्यांच्या दोन्ही पंजांना कळा लागल्या होत्या. "भाऊ, ब्रेक लागतो, पण गाडी थांबत नाही," एवढंच ते म्हणाले. मी नवे गुटके टाकले. पुढच्या रविवारी ते परत आले, तक्रार तीच. मी आणखी महागाचे गुटके टाकले. तिसऱ्या रविवारी ते आले तेव्हा बाबा बाजेवर बसून चहा पीत होते. ते म्हणाले, "अरे बाबू, गुटके बदलून बदलून काय होते? त्या माणसाच्या हाताचा जोर कुठी मुरून राह्यला, ते पाह्य आधी."

आमची दोन एकर संत्रा आहे. विहिरीवरून पाट सोडला आणि शेवटच्या झाडाला पाणी पोचलं नाही, तर मोटार बदलत नाहीत. पाटाच्या कडेनं चालत जाऊन ते कुठं मुरतंय हे बघतात. बाबांना तेच म्हणायचं होतं. त्या दिवसापासून आमच्या दुकानात ब्रेकचं काम हातानं दाबायच्या लिव्हरपासून सुरू होतं आणि रिमवर संपतं. आज आमचा जो काही धंदा उभा आहे तो या एका प्रश्नावर.

त्या शिक्षकांच्या सायकलचा जोर आउटरमध्ये मुरत होता. ब्रेकची वायर ज्या नळीतून जाते ते आउटर म्हणजे आत चपट्या पोलादी पट्टीची स्प्रिंगसारखी गुंडाळी असते. लिव्हर दाबला की वायर ओढली जाते आणि आउटर तेवढंच दाबलं जातं. त्याची टोकं काटकोनात कापलेली नसतील, पक्कडीनं चिरडून तोडली असतील, तर ती आधी टोकावरच्या टोपीत बसतात, दबतात, वाकतात, आणि मग उरलेला जोर पुढे जातो. मी लिव्हर दाबून धरला आणि बाबांना आउटरकडे बघायला सांगितलं. हँडलपासून कॅलिपरपर्यंत, म्हणजे गुटके रिमवर दाबणाऱ्या चिमट्यापर्यंत, ते सापासारखं हललं. लांबीही गरजेपेक्षा वीतभर जास्त होती. नवं आउटर मापात कापलं, टोकं कानशीनं सपाट घासली, आतलं तोंड सुईनं मोकळं केलं, नव्या टोप्या आणि नवी स्टेनलेस वायर घातली. गुटके जुनेच ठेवले. पुढच्या रविवारी मास्तर फक्त चहा प्यायला थांबले.

यात माझ्या हातून एक मोठी चूक झाली होती, ती इथे लिहून ठेवतो, कारण आजही ती चूक होताना मी पाहतो. सुरुवातीला ब्रेकचं आउटर संपलं म्हणून मी एका गाडीला गियरचं आउटर लावलं होतं. हाताला ते कडक लागतं, दबत नाही, मला वाटलं हेच चांगलं. गियरच्या आउटरमधल्या तारा लांबीत उभ्या असतात. नेम धरून गियर पडावा म्हणून ते तसं बनवतात. पण जोराचा ब्रेक दाबला की त्या तारा प्लास्टिक फाडून बाहेर येतात आणि लिव्हर हँडलला टेकतो. आमचं नशीब की मी दुकानातच पूर्ण ताकदीनं दाबून पाहिलं आणि ते माझ्यासमोर फुटलं. घाटात फुटलं असतं तर काय झालं असतं, या विचारानं त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून दोन्ही आउटरं दोन वेगळ्या भिंतींवर टांगतो. ब्रेकचं 5 मिलिमीटर जाडीचं, गियरचं बहुधा 4. आतली वायरही वेगळी, ब्रेकची दीड मिलिमीटरच्या आसपासची, गियरची त्याहून बरीच बारीक. दबत नाही असं खास ब्रेकसाठी केलेलं आउटरही आता मिळतं, त्याच्या उभ्या तारांवर मजबूत धाग्याची वीण असते. वायरवर चालणाऱ्या डिस्क ब्रेकला त्यानं मोठा फरक पडतो.

लिव्हर आणि कॅलिपरची जोडी हा दुसरा खड्डा. माउंटन बाइकच्या उभ्या व्ही-ब्रेकला वायर जास्त ओढणारा लिव्हर लागतो, रोड बाइकच्या कॅलिपरला कमी ओढणारा. कुणीतरी हाती आला तो लिव्हर बसवून देतं. मग एक तर लिव्हर दगडासारखा लागतो आणि गाडी पुढे सरकत राहते, नाही तर तो मऊ लागून थेट हँडलपर्यंत येतो. अशा गाडीत गुटके कितीही भारी घाला, उपयोग नाही. कॅलिपरही बघावा लागतो. एका खिळीवर फिरणाऱ्या जुन्या स्वस्त कॅलिपरच्या पत्र्याच्या बाह्या दाबल्यावर वाकतात. दोन खिळींचा ड्युअल पिव्हट बसवला की तेवढ्याच बोटांच्या जोरात पकड किती वाढते ते ताबडतोब कळतं. फक्त माप बघून घ्यावा. साध्या रोड फ्रेमला 39 ते 49 मिलिमीटर पोच (बोल्टपासून गुटक्यापर्यंतचं अंतर) असलेला लागतो, जाड टायरच्या फ्रेमला 47 ते 57चा. बाही लांब झाली की जोर थोडा कमी होतो, म्हणून उगाच मोठा घेऊ नये.

गुटक्यांबद्दल मी आता फार हट्टी झालो आहे. टणक काळं रबर वर्षभर उन्हात राहिलं की त्याला चकाकी येते. ते रिमवर नुसतं घसरतं. काचकागदानं वरचा थर काढला की थोडे दिवस जीव येतो. गुटक्यात रुतलेले ॲल्युमिनियमचे चकचकीत कण मात्र सुईनं एकेक उकरून काढावेच लागतात, नाही तर ते रिमलाच खरवडतात. ज्यांना पावसाळ्यात घाट करायचा आहे त्यांना आम्ही कूल-स्टॉपचे सॅल्मन रंगाचे गुटके देतो. ओल्यात त्यांची पकड काळ्या रबरापेक्षा बरी आणि ते रिम कमी खातात. गुटका लावताना पुढचं टोक रिमला आधी टेकलं पाहिजे, मागे जेमतेम एक मिलिमीटर फट. त्यासाठी आमच्याकडे लग्नपत्रिकांचे तुकडे ठेवलेले असतात. तुकडा मागच्या टोकाखाली ठेवायचा, लिव्हर दाबून धरायचा, बोल्ट आवळायचा, मग ओढून काढायचा. किंचाळणारे बहुतेक ब्रेक यानं गप्प होतात. आणि रिम स्पिरिटनं पुसायची. चेनला तेल सोडताना एक थेंब रिमवर उडाला तरी सगळी मेहनत वाया.

घाटातली उष्णता हा प्रश्न मी माझ्या बारावीच्या पदार्थविज्ञानानं सोडवला. चिखलदरा सुमारे 1,100 मीटर उंचीवर आहे, खाली उतरेपर्यंत सातशे मीटर तरी उंची जाते. माणूस आणि सायकल मिळून 85 किलो धरले तर एवढ्या उतारात जी ऊर्जा सुटते तिच्यात दोन लिटर पाणी उकळेल. त्यातली बरीच हवा खाते, पण जो माणूस भीतीनं ब्रेक सतत हलका धरून ठेवतो त्याच्या रिमवर हवेचा वाटा कमी आणि ब्रेकचा जास्त पडतो. मी गिऱ्हाइकांना सांगतो, वळणाआधी दोन्ही ब्रेक नीट दाबा, वेग पाडा, वळणात सोडा, रिमला वारा लागू द्या. हात हँडलच्या खालच्या वाकात ठेवा, तिथून लिव्हरचं टोक पकडता येतं आणि कमी जोरात काम होतं. ज्यांची बोटं लहान, त्यांच्या लिव्हरचा स्क्रू फिरवून तो जवळ आणून देतो. घाटातल्या मोथा गावाच्या पुढे धुकं असेल तर चाकाच्या पहिल्या दोन-तीन चकरांत ब्रेक लागणारच नाही असं धरून चाला, कारण आधी रिमवरचं पाणी पुसलं जातं, मग पकड येते.

पुढच्या ब्रेकवरून माझं आणि बाबांचं वर्षभर वाजलं. आमच्या भागात पक्की समजूत आहे की पुढचा ब्रेक लावला की माणूस उलथतो. बाबा शाळेच्या पोरांच्या सायकलींचा पुढचा ब्रेक मुद्दाम सैल करून द्यायचे, पोरं पडू नयेत म्हणून. त्यांची माया खरी होती, पण हिशेब उलटा होता. ब्रेक दाबला की बहुतेक भार पुढच्या चाकावर येतो, मागचं हलकं होऊन घसरतं. ताशी 30 किलोमीटर वेगात नुसत्या मागच्या ब्रेकनं कोरड्या डांबरावर 14 मीटर तरी लागतात. पुढचा नीट वापरला तर सात-साडेसात. मी दुकानासमोर फक्कीनं रेघ मारली आणि बाबांसमोर दोन्ही प्रकारे थांबून दाखवलं. अंग मागे सरकवून, हात ताठ धरून, पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत. बाबांनी पावलं मोजली. काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी एका पोराची सायकल आली तेव्हा त्यांनी पुढचा ब्रेक आवळला आणि त्याला तो कसा दाबायचा हे रस्त्यावर नेऊन शिकवलं. आता त्यांचाच नियम आहे, उजव्या हाताला कोणता ब्रेक आहे हे विचारल्याशिवाय गाडी द्यायची नाही, कारण कुणाचा पुढचा उजवीकडे असतो, कुणाचा डावीकडे.

धंदा म्हणून हे सगळं सावकाश वाढलं. पहिलं स्टँड आणि वायर कापायची चांगली कात्री बायकोच्या बचत गटाच्या कर्जातून घेतली. 2020मध्ये टाळेबंदीनंतर सायकलींची मागणी एकदम वाढली आणि सुटे भाग मिळेनासे झाले. तेव्हा जुने कॅलिपर उघडून, धुऊन, वंगण घालून परत उभे करायला आम्ही शिकलो. त्याच काळात एका पुरवठादारानं नामी कंपनीच्या वेष्टनात बनावट गुटके पाठवले. पैसे परत मिळाले नाहीत. विकले असते तर कुणाला कळलं नसतं, पण आम्ही ते चुलीत घातले. आज दुकानात माझ्यासोबत मेळघाटातला एक कोरकू मुलगा आहे. चाकाचा आऊट त्याच्या इतका बारीक मी काढू शकत नाही. चाक डुलत असेल तर ब्रेक जवळ घेता येत नाही, म्हणून ब्रेकचं अर्धं काम त्याच्या हातात आहे.

सध्या माझं मन दुसऱ्याच गाड्यांत आहे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या, त्यानं खेड्यातल्या किती मुलींची शाळा टिकली हे आम्ही रोज रस्त्यावर बघतो. पण क्रोमच्या पोलादी रिमवर पाणी पडलं की कोणताही गुटका जवळपास निकामी होतो. ॲल्युमिनियमच्या रिमवर ओल्यातही बरीच पकड राहते. रोड बाइकवर शिकलेलं इथे लावायचं तर पूर्ण सायकल बदलायची गरज नाही, एकट्या पुढच्या चाकाला ॲल्युमिनियमची रिम टाकली तरी पुष्कळ होतं. दांडीच्या ब्रेकच्या सायकलींना हे करता येत नाही, त्यांचे गुटके रिमच्या आतल्या बाजूनं वर ओढले जातात, कॅलिपरवाल्यांना येतं. नव्या रिमचा घेर थोडा वेगळा, म्हणून स्पोकही नव्या मापाचे लागतात. आम्ही मजुरी घेत नाही, सामानाचे पैसे कापूस निघाल्यावर दिले तरी चालतात. आतापर्यंत अशी अकरा चाकं झाली. जूनच्या आधी आणखी करायची आहेत, त्यांची मापं घेऊन वहीत लिहून ठेवली आहेत.